पूर्णवेळ टूर्नामेंट पोकर: गोव्याच्या जोरावर जमाखर्च जुळतो का?

झब्बू

मंडळी, ‘जुगार वाईट’ हे घरी रोज ऐकतो, त्यामुळे इथे फक्त आकडे हवेत.

पुण्यात नोकरी, वय २७. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर ऑनलाइन पैशांचं पोकर बंद झालं, म्हणजे उरल्या गोव्यातल्या समोरासमोरच्या स्पर्धा. घरखर्च सोडून ९ लाख बाजूला आहेत. बाय-इन, म्हणजे एका स्पर्धेत बसायची रक्कम, १५ ते ३५ हजार, सरासरी २५. मैदान साधारण २०० एंट्रीचं. आतापर्यंत १४० एंट्री, री-एंट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसणं) धरून, नफा २५ टक्के. वर्षाला १०० एंट्री जमतील.

प्रश्न असे: ९ लाख पुरतील का? टॅक्सचं नेमकं काय? कमी पडले तर स्टेकिंग, म्हणजे बक्षिसातल्या वाट्याच्या बदल्यात दुसऱ्याचे पैसे, घ्यावं का? आणि नोकरी सोडण्याआधी खेळात काय पक्कं करावं?

---

मुंगूस

१४० एंट्रीवरून २५ टक्के हा आकडा धरून चालू नका. कारण सांगतो.

२०० च्या मैदानात पहिल्याला फंडाच्या (बक्षिसांच्या एकूण रकमेच्या) साधारण २० ते २२ टक्के मिळतात, म्हणजे ४०-४४ बाय-इन. १२ ते १५ टक्के लोकांना काहीतरी मिळतं, बाकीच्यांना शून्य. बक्षिसांची रचना अशी टोकाची असल्यामुळे एका एंट्रीचा चढउतार, म्हणजे गणितातलं प्रमाण विचलन, साडेचार ते पाच बाय-इन इतका येतो. पाच धरा. १४० एंट्रीच्या सरासरीत तो ५ भागिले १४० चं वर्गमूळ, म्हणजे ०.४२ होतो. थोडक्यात तुमचा आकडा ‘२५ टक्के, अधिक-उणे ४२’ असा वाचायचा. खरा नफा उणे १७ असू शकतो आणि अधिक ६७ सुद्धा. यातून तुम्ही चांगले खेळता हेही सिद्ध होत नाही आणि वाईट खेळता हेही नाही.

तरी २५ टक्के खरे मानू. १०० एंट्रीमागे अपेक्षित नफा २५ बाय-इन, चढउतार ५० बाय-इन. म्हणजे तीन वर्षांतलं जवळपास एक वर्ष तोट्याचं, आणि तेही सगळं बरोबर खेळून. पहिला नंबर १०० एंट्रीत सरासरी ०.६ वेळा येईल. निम्म्याहून जास्त वर्षांत एकदाही येणार नाही. स्पर्धांमधला बहुतेक नफा पहिल्या तीन जागांत असतो. त्यामुळे ‘दर महिन्याला थोडं थोडं’ हा हिशेब इथे लागूच पडत नाही. दरमहा पगारासारखं काही हवं असेल तर ते कॅश गेममध्ये (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे आणि कधीही उठता येतं) थोडंफार दिसतं, टूर्नामेंटमध्ये नाही.

आता ९ लाख. ते २५ हजारांचे ३६ बाय-इन झाले. पैसे कधी ना कधी संपण्याची शक्यता काढायचं ढोबळ सूत्र असं: एका एंट्रीचा सरासरी नफा गुणिले बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) गुणिले दोन, भागिले विचलनाचा वर्ग, आणि e चा (गणितातला स्थिरांक, २.७१८) तितका ऋण घात. ०.२५ × ३६ × २ भागिले २५ म्हणजे ०.७२, उत्तर ४९ टक्के. नाणेफेकच की! १०० बाय-इन असतील तर साडेतेरा टक्के, १५० ला ५ टक्के. म्हणजे २५ हजारांच्या स्पर्धांना २५ लाख ही तळाची पातळी, ३७-३८ लाख असले तर झोप लागते. ९ लाखांत बसणारा बाय-इन ६ ते ९ हजारांचा. आणि यातून घरखर्चाला हात लावला की सूत्र मोडलं.

एक गोष्ट लोक विचारतच नाहीत: बाय-इनमधले फंडात किती जातात? २५ हजारांतले २१,५०० जात असतील तर नुसती बरोबरी साधायलाच तुम्हाला सरासरी खेळाडूपेक्षा १६ टक्के सरस असावं लागतं. २५ टक्के नफ्यासाठी ४५ टक्के सरस. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. तो एंट्रीत कसा बसवलाय, री-एंट्रीवर फी पुन्हा लागते का, स्टाफसाठीची कपात वेगळी आहे का, हे स्पर्धेच्या पत्रकात बघा, नसेल तर काउंटरवर विचारा. फी १५ टक्क्यांच्या वर दिसली तर ती स्पर्धा सोडा, बक्षिसाची कितीही मोठी गॅरंटी असो.

---

जमाखर्च

मुंगूस यांनी मांडलेलं सगळं कर कापण्याआधीचं आहे. खरा खड्डा पुढे आहे.

पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर. १९६१ च्या कायद्यात हे कलम ११५बीबी होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात नंबर बदलले. वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभार वेगळा. ८०सी वगैरे वजावट या रकमेला नाही, खर्चाची वजावट नाही, आणि हरलेल्या स्पर्धांचा तोटा जिंकलेल्यांतून वळता करता येत नाही. शेवटचा मुद्दा टूर्नामेंट खेळाडूला मारतो, कारण शंभरातल्या पंच्याऐंशी एंट्री या तोट्याच्याच असतात.

झब्बू, तुमचेच आकडे घ्या. १०० एंट्री × २५ हजार = २५ लाख खर्च. २५ टक्के नफा म्हणजे हातात आलेली बक्षिसं ३१.२५ लाख. त्यावर ३१.२ टक्के = ९.७५ लाख. उरले २१.५ लाख. म्हणजे ‘नफ्यातला’ खेळाडू वर्षाअखेर साडेतीन लाखांनी खाली, आणि यात पुणे-पणजी प्रवास, खोली, जेवण काहीच धरलेलं नाही.

कर भरून नुसती बरोबरी साधायला लागणारा नफा: १ भागिले ०.६८८, म्हणजे ४५.३५ टक्के. मुंगूस यांच्या फीच्या हिशेबात बसवला तर सरासरी खेळाडूपेक्षा ६९ टक्के सरस. असे लोक असतात. पण ते २५ हजारांच्या स्पर्धेत फार दिवस राहत नाहीत.

बक्षीस १० हजारांच्या वर असेल तर कॅसिनो ३० टक्के टीडीएस जागेवरच कापतो. पॅन द्यावाच लागतो. कपातीचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-नोंदपत्रकात (जुना फॉर्म २६एएस) रक्कम दिसते का ते तीन महिन्यांनी तपासा. सेस त्यात नसतो, तो रिटर्न भरताना खिशातून जातो. लोक हे विसरतात आणि मग व्याज भरतात.

---

झब्बू

ज्या एंट्रीत बक्षीस मिळालं निदान त्या एंट्रीची फी तरी वजा होईल ना? आणि ‘हा कौशल्याचा खेळ, माझा व्यवसाय’ असं दाखवलं तर?

---

जमाखर्च

पहिल्यावर वाद आहे, पण तुमच्या बाजूने धरू. १५ बक्षिसं, त्यांचे बाय-इन ३.७५ लाख वजा. २७.५ लाखांवर ८.५८ लाख कर. उरले २२.६७. तरीही २.३३ लाख तोटा. म्हणजे वाद जिंकलात तरी धंदा हरलात.

व्यवसाय दाखवणारे आहेत. पण कायद्याची भाषा ‘पत्त्यांचे व इतर कोणत्याही प्रकारचे खेळ’ अशी रुंद आहे आणि टीडीएस तर आधीच त्या कलमाखाली कापला गेलेला असतो. परतावा मागितला की नोटीस ठरलेली. त्या भांडणाचा खर्च बँकरोलमध्ये धरा, आणि कौशल्य-नशीब हा युक्तिवाद महाराष्ट्राच्या शेजारीच २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात पोकरच्या विरोधात गेला होता हे विसरू नका.

कायद्याचं बाकी थोडक्यात. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन कायद्यात शिक्षा आहे ती धंदा चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला, आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. पण व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळलात तर पैसे अडकल्यावर तक्रार कुठे करणार? महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधल्या ‘खासगी स्पर्धा’ करिअरच्या हिशेबात धरू नका.

आणि भाडं वाचवायला गोव्यात राहायला जायचा विचार असेल तर थांबा. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला मनाई आहे. आधारवर पणजीचा पत्ता आला की मांडवीवरच्या बोटी फक्त काठावरून बघायच्या.

---

लॅडीस

स्टेकिंगवर कुणी बोललं नाही म्हणून.

दोन प्रकार. एक, एकेका स्पर्धेचा हिस्सा विकणं. २५ हजारांच्या एंट्रीचा ५० टक्के हिस्सा १.२ मार्कअपने, म्हणजे मूळ किमतीच्या १.२ पटीने, विकला तर १५ हजार येतात. तुमचे १० हजार लागतात आणि अर्धं बक्षीस तुमचं. मार्कअप किती? तुमच्या खऱ्या नफ्याइतका, त्याहून जास्त नाही. २५ टक्के नफा असेल तर १.२५ ला विकत घेणाऱ्याला शून्य उरतं, म्हणून १.१ ते १.१५ ठीक. जमाखर्च यांचा करहिशेब बघता आपल्याकडे १.० च्या वर मागणं म्हणजे मित्राला गंडवणंच.

दुसरा, कायमचा बॅकर, म्हणजे पैसे लावणारा. तो सगळे बाय-इन भरतो, नफा निम्मा-निम्मा, पण आधीचा तोटा भरून निघाल्यावरच. या साठलेल्या तोट्याला मेकअप म्हणतात. मेकअप ६ लाखांवर असताना ५ लाख जिंकलात तर तुम्हाला शून्य. मग लोक तिथे दोन चुका करतात: बॅकर सोडून पळतात, किंवा मेकअप लवकर फेडायला मोठ्या बाय-इनमध्ये उड्या मारतात. दुसऱ्या चुकीने मेकअप दुप्पट होतो.

पण आपल्याकडचा खरा सापळा टीडीएसचा. बक्षीस १० लाख, कापले ३ लाख, हातात ७. सगळी रक्कम तुमच्या पॅनवर. हिस्सेदार म्हणाला, ‘माझे पाच दे’, तर तुमच्याकडे दोन उरतात आणि सेसही तुम्हीच भरणार. म्हणून एंट्रीआधी लेखी ठरवा, व्हॉट्सॲपवर का होईना: हिस्सा किती टक्के, मार्कअप किती, किती री-एंट्रीपर्यंत, वाटप करानंतरच्या रकमेचं आणि सेस-अधिभार धरून, बक्षीस किती दिवसांत द्यायचं, शेवटच्या टेबलावर वाटाघाटीचा निर्णय कुणाचा. पैसे बँकेतूनच. ‘आपल्यात काय लिहायचं’ म्हणणाऱ्याला हिस्सा विकू नका.

स्पॉन्सरशिपची आशा सोडा. ती ऑनलाइन साइटकडून यायची, आणि आता जाहिरातीलाही शिक्षा आहे.

---

एडिसनकर

परदेशाचं स्वप्न विकणारे व्हिडिओ बरेच फिरतात, म्हणून हे आकडे.

लास वेगासची पोकरची वर्ल्ड सिरीज १९७० पासून चालू आहे, मुख्य स्पर्धेचा बाय-इन १९७२ पासून १० हजार डॉलरच. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकरने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेचं तिकीट बक्षीस असलेली छोटी स्पर्धा) येऊन ८३९ जणांत २५ लाख डॉलर जिंकले आणि गर्दी वाढली. २०२४ मध्ये १०,११२ एंट्री होत्या. प्रत्येकी १० हजारांतले ९,३०० फंडात, म्हणजे फी फक्त ७ टक्के. गोव्याशी तुलना करून बघा. बक्षीस १,५१७ जणांना, सर्वात कमी १५ हजार डॉलर, पहिल्याला १ कोटी. ८५ टक्के लोक रिकाम्या हाताने घरी.

भारतीय रहिवाशाच्या बक्षिसातून अमेरिकेत ३० टक्के कापले जातात. ब्रिटन, जर्मनी, जपानसारख्या देशांना करारामुळे सूट आहे, भारताला नाही. कापलेल्या कराचं श्रेय भारतात रिटर्नमध्ये मागता येतं, पण त्यासाठी अमेरिकेतलं कपातीचं प्रमाणपत्र आणि भारतातला ठरावीक फॉर्म वेळेत लागतो. पैसे बाहेर नेतानाही जपून: वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण लॉटरी, स्वीपस्टेक्ससारख्या कारणांसाठी रक्कम पाठवायला फेमाच्या (परकीय चलन कायदा) नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बंदीच आहे. बँकेच्या फॉर्मवर कारण काय लिहायचं हे सीएला विचारल्याशिवाय एक डॉलर हलवू नका.

माझ्यासारख्या अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, पण २०२६ पासून हरलेल्या रकमेतली फक्त ९० टक्के वजा होते. लाख डॉलर जिंकून लाख हरलात, तरी १० हजारांवर कर. आणि एच-वन-बी व्हिसा ठरावीक मालकाच्या नोकरीपुरता असतो, त्यावर ‘पूर्णवेळ पोकर’ ही कल्पना वकिलाला विचारूनच.

जाता जाता: हेंडन मॉब या पोकरच्या निकालांच्या साइटवर दिसणारी कमाई म्हणजे नुसती बक्षिसांची बेरीज. भरलेले बाय-इन आणि री-एंट्री त्यात वजा नसतात. वीस लाख डॉलर दाखवणारा माणूस कर्जात असू शकतो.

---

बदामसात

आयडी बघून पत्त्यांचा क्लब भरल्यासारखं वाटतंय. असो, खेळाचं सांगतो.

ब्लाइंड म्हणजे दर डावाआधी दोन खेळाडूंनी भरायची सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी. हातात १०० मोठे ब्लाइंड असतानाच्या डावांचा अभ्यास नवे लोक जास्त करतात. हिशेब करा: १८० एंट्री × ३० हजार चिप्स = ५४ लाख. २७ जण उरले की सरासरी २ लाख. ब्लाइंड ४,०००-८,००० असतील तर सरासरी २५ मोठे ब्लाइंड. पैसे जिथे ठरतात तिथे सगळे १० ते ३० ब्लाइंडवर असतात. अभ्यासाचा बहुतेक वेळ तिथेच द्या.

मोठ्या ब्लाइंडवाल्याने सगळ्यांचा अँटी (प्रत्येकाची डावातली सक्तीची वर्गणी) भरण्याच्या पद्धतीत पत्ते वाटताच मध्ये अडीच ब्लाइंड असतात. बटनवरून (सर्वांत शेवटी बोलायची जागा) २.२ ला उचललं, म्हणजे बोली वाढवली, तर २.२ भागिले ४.७, म्हणजे ४७ टक्के वेळा दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी सोडलं की लगेच फायदा. उलट बाजूने मोठ्या ब्लाइंडला १.२ भरून ५.९ च्या डावासाठी फक्त २० टक्के वाटा लागतो. इथे लोक किलवर नव्वी-सत्तीसारखे एका रंगाचे हात टाकून देतात, ती रोजची गळती. १० ब्लाइंड उरले असताना अडीच बिनविरोध मिळाले तर चिप्स पाव पटीने वाढतात. म्हणून छोट्या ब्लाइंडवरून निम्म्याहून जास्त हात सरळ ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) होतात. कुठल्या हाताला ऑल-इन करायचं याचे तक्ते पाठ करा. त्याला होल्डम रिसोर्सेस कॅल्क्युलेटर किंवा आयसीएमायझर हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, महागडा सॉल्व्हर (सर्वोत्तम खेळी काढणारं सॉफ्टवेअर) नंतर.

बबलवर, म्हणजे एक-दोघं बाद झाले की बक्षिसं सुरू होणार अशा वेळी, उलटं. ऑल-इन ढकलायला ढिले, कॉल करायला (दुसऱ्याच्या बोलीइतके भरायला) घट्ट. चिप्सच्या हिशेबाने बरोबर असलेला एक्का-नव्वीचा कॉल पैशांच्या हिशेबाने चुकतो, कारण गेलेली चिप मिळालेल्या चिपपेक्षा महाग असते. सॅटेलाइटमध्ये तर दोन एक्केही टाकून देणं बरोबर ठरू शकतं, कारण सगळी तिकिटं सारख्याच किमतीची.

डाव टिपताना पाच गोष्टी: दोघांच्या चिप्स ब्लाइंडमध्ये, जागा, अँटी, प्रत्येक फेरीची रक्कम, किती जण उरले आणि बक्षीस किती जणांना. ‘राजाच्या जोडीला गुलाम-दश्शीने मारलं’ ही नोंद नव्हे, रडगाणं आहे.

री-एंट्रीचा आकडा घरून ठरवून निघा. शेवटच्या मिनिटाला १५ ब्लाइंडने तिसऱ्यांदा बसणारा फी पूर्ण भरतो, पण कौशल्य दाखवायला जागा फारशी उरत नाही.

---

झब्बू

नोकरी राहू दे, हे कळलं. ६ ते ९ हजारांच्या स्पर्धा, वर्षाला तीन-चार फेऱ्या, असं धरतो. एकच शंका: शेवटच्या टेबलावर तिघं उरलो की लोक ‘चिपप्रमाणे वाटू’ म्हणतात. मान्य करावं?

---

मुंगूस

तुमच्या चिप्स जास्त असतील तर हो, नसतील तर आयसीएम (चिप्सवरून प्रत्येकाला अपेक्षित बक्षीस काढायचं गणित) मागा. उदाहरण: चिप्स ५, ३, २ लाख. बक्षिसं उरलेल्या रकमेच्या ५०, ३०, २० टक्के.

चिपप्रमाणे वाटताना आधी प्रत्येकाला तिसऱ्याचे २० बाजूला, उरलेले ४० चिप्सच्या प्रमाणात: ४०, ३२, २८. आयसीएमने: ३८.३९, ३२.७५, २८.८६. म्हणजे मोठ्याला १.६१ टक्के फुकट मिळतात. रक्कम २० लाखांची असेल तर साधारण ३२ हजार रुपये, आणि ते दोन लहान खेळाडूंच्या खिशातून. २० बाजूला न काढता सरळ चिप्सच्या प्रमाणात वाटायला कुणी सुचवलं तर मोठ्याला ५० मिळतील, म्हणजे न खेळता थेट पहिलं बक्षीस. अशी मागणी हसून नाकारायची.

घड्याळ थांबवायला सांगा, फ्लोअरकडून (स्पर्धेच्या देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून) चिप्स मोजून घ्या, ट्रॉफीसाठी काही रक्कम खेळायला ठेवायची का ते ठरवा. आणि करार कॅसिनोच्या कागदावरच नोंदवा, म्हणजे टीडीएस प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर कापला जाईल. कागदावर पहिला नंबर घेऊन नंतर पार्किंगमध्ये वाटणी केली तर दुसऱ्याच्या पैशांचा कर तुमच्या पॅनवर चढतो.

---

जमाखर्च

+१. शिवाय पार्किंगमध्ये रोख दिलेल्या त्या रकमेचा पुरावा रिटर्नमध्ये कुठेच दाखवता येत नाही.